युरियानं निमॅटोड मरतो का? काकडी, पॉलिहाऊस, 20 गुंठे

पायथ्याचा_माळी | 12 फेब्रुवारी, रात्री 9:40

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जुन्नर तालुका. 20 गुंठ्यांचं पॉलिहाऊस, भराव तांबड्या मातीचा, पाच वर्षांपूर्वी टाकलेला. तीन वर्षं ढोबळी मिरची घेतली, त्यानंतर काकडी. हे काकडीचं तिसरं पीक. लावणीनंतर पस्तिसाव्या दिवसापासून दुपारचे बारा वाजले की वेल मान टाकायचे, संध्याकाळी पुन्हा ताठ. मला वाटलं पाणी कमी पडतंय, ड्रिप दहा मिनिटं वाढवलं. पानं पिवळी पडली म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सोडलं. मग फेरस (लोह). मग 19:19:19 खत. पिवळेपणावर दुकानात जे जे मिळतं ते महिनाभर पाजून झालं. शेवटी वडील वैतागून म्हणाले, वरून काय बघतोस, एक वेल उपटून तर बघ. उपटला. मुळं कसली, आल्याचे गड्डे लोंबत होते नुसते. फोटो जोडलेत.

दुकानदार म्हणाला, निमॅटोड आहे (मुळांत शिरणारी बारीक कृमी), अमोनियम सल्फेट सोडा, खताच्या झळीनं जळून जातो. दोन दिवसांत 25 किलो सोडलं. निमॅटोड जळला की नाही देव जाणे, पानांच्या कडा मात्र जळल्या आणि कळी गळाली.

आता मामाचे व्याही आहेत संगमनेरकडं. ते टोमॅटो लावायच्या आधी रिकाम्या काळ्या रानात भरपूर युरिया टाकून पाणी देतात आणि त्यांच्या रानात गाठी येत नाहीत असं छातीठोकपणे सांगतात. मला एवढंच विचारायचंय: खतानं निमॅटोड मरतो का? मरत असेल तर त्यांच्याकडं मरतो आणि माझ्याकडं का नाही?

---

वांगीभरीत | 12 फेब्रुवारी, रात्री 10:05

फोटो उघडत नाहीयेत. पण वर्णनावरून दुसरं काही वाटत नाही. दुपारी मान टाकणं आणि संध्याकाळी उठणं ही पहिली खूण. मुळाला गाठी आल्या की पाणी वर जायची वाटच चेंगरते, मग जमिनीत कितीही पाणी असो.

अवांतर: आमच्या सासऱ्यांनी एकदा भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी बघून निमॅटोड निमॅटोड म्हणून अर्धा वाफा उपटला होता. त्या झाडाला हवेतलं नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंच्या गाठी होत्या. नखानं खरवडली की सुटते आणि आतून गुलाबी दिसते ती चांगली गाठ. निमॅटोडची गाठ सुटत नाही, मूळच फुगलेलं असतं. अजून त्यांच्यासमोर भुईमुगाचा विषय काढत नाही.

---

निवृत्त_मास्तर | 13 फेब्रुवारी, सकाळी 6:20

माळीदादा, प्रश्न चांगला विचारलात. "मरतो" म्हणणारेही खोटं बोलत नाहीत आणि "मरत नाही" म्हणणारेही नाहीत. घोळ कुठे आहे ते सांगतो.

आधी शत्रू कोण ते बघा. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. 1855 साली इंग्लंडमध्ये बर्कली नावाच्या पाद्र्यानं ती पहिल्यांदा नोंदवली, ती काचघरातल्या काकडीच्या मुळांवर. म्हणजे झाकलेलं घर आणि काकडी ही जोडी तेव्हापासूनची आहे, तुम्ही एकटे नाही. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू मुळाच्या टोकातून आत शिरतं, एका जागी ठाण मांडतं आणि भोवतालच्या पेशी फुगवून त्यांच्यावर जगतं. मादी तिथेच चंबूसारखी फुगते आणि चिकट लगद्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. 25 ते 30 अंश तापमानात हे सगळं साधारण महिनाभरात उरकतं. तुमचे वेल पस्तिसाव्या दिवशी माना टाकायला लागले, म्हणजे तोवर दुसरी पिढी मुळांत शिरायला लागली होती.

आता खत. मातीतल्या मोकळ्या पिल्लांना मारतो तो अमोनिया वायू. युरिया स्वतः मारत नाही, नायट्रेट तर अजिबातच नाही. युरियाचं मातीत अमोनियम होतं, त्यातला काही भाग अमोनिया म्हणून मोकळा होतो आणि तोच काय तो घातक. या विषयावर ऑबर्न विद्यापीठाच्या रॉड्रिगेझ-काबाना यांचा 1986 सालचा आढावा आहे, आजही लोक त्याचाच हवाला देतात. त्यांचं म्हणणं, दर किलो मातीला 300 मिलिग्रॅमच्या वर नत्र गेलं तर युरिया सूत्रकृमीवर चांगला चालतो.

ऐकायला 300 मिलिग्रॅम किरकोळ वाटतं. हिशोब करा. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. वरची 15 सेंटिमीटर माती धरली तर जवळजवळ 20 टन. तिला 6 किलो नत्र लागेल, म्हणजे 13 किलो युरिया. एका गुंठ्याला! एकराला 520 किलो, साडेअकरा पोती. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठाची संकरित टोमॅटोची शिफारस हेक्टरी 300 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी 120, तेही पूर्ण हंगामात वाटून. इथे त्याच्या दुप्पट एका दमात घालायचं आहे.

आणि तुम्ही काय घातलंत? 25 किलो अमोनियम सल्फेट म्हणजे सव्वापाच किलो नत्र, 20 गुंठ्यांत. सरासरी किलोला 13 मिलिग्रॅम. निमॅटोडला 300 हवेत, तुम्ही 13 दिलेत. पण हे 13 सगळीकडे सारखे पसरले नाहीत, ड्रिपच्या तोंडाशी साठले, आणि नेमकं तिथंच मूळ होतं. म्हणून निमॅटोड वाचला आणि वेल जळला. शिवाय मादी मुळाच्या आत बसलेली. तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी मूळ मारावं लागेल.

---

पायथ्याचा_माळी | 13 फेब्रुवारी, दुपारी 1:15

सर, 13 विरुद्ध 300 वाचून जेवण गोड लागलं नाही. एक गोष्ट कळली, उभ्या पिकात हा धंदा नाही. पण व्याह्यांचं मग खरं म्हणायचं?

---

कोरडा_बांध | 13 फेब्रुवारी, दुपारी 2:02

एवढं गणित कशाला? आता युरिया सगळा नीमकोटेडच येतो. निंबोळी असतेच त्यात, तिनंच निमॅटोड मरत असणार.

---

निवृत्त_मास्तर | 13 फेब्रुवारी, दुपारी 4:30

कोरडा_बांध, नीमकोटेडमध्ये निंबोळी तेल किती असतं? शेकडा 0.035. 45 किलोच्या पोत्यात 16 ग्रॅम. चहाचे तीन-चार चमचे. ते लेपन अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग कमी करतं आणि युरिया कारखान्यांकडे वळायला अडसर आणतं, त्यासाठी ते आहे. एवढ्या तेलानं निमॅटोडला साधी शिंकही येणार नाही.

व्याह्यांचं मात्र बरंचसं खरं असू शकतं, आणि त्याचं कारण त्यांच्या काळ्या रानात आहे. अमोनियम किती राहायचं आणि अमोनिया किती सुटायचा हे पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, 7 म्हणजे मधला) ठरवतो. 25 अंशाला पीएच 7 असेल तर शंभरात जेमतेम अर्धा भाग अमोनिया. 8 ला पाच. 9 ला छत्तीस. संगमनेरकडची चुनखडीची काळी जमीन 8 च्या आसपास असते. तुमचा तांबडा भराव 6.5-7 असणार. त्याच युरियापासून त्यांना तुमच्या दहापट वायू मिळू शकतो. युरिया विरघळताना दाण्याभोवतीचा पीएच काही दिवस चढतो, त्यामुळे तांबड्या मातीतही थोडं काम होतं, पण फरक राहतोच. अमोनियम सल्फेट विरघळताना पीएच तसा चढत नाही, त्यामुळे तुमच्या मातीत ते या कामाचं सगळ्यात निरुपयोगी खत.

इस्राएलमध्ये यावर बरंच काम झालंय. अमोनिया सोडणाऱ्या खतांसोबत पीएच वाढवणारा पदार्थ मिसळायचा, म्हणजे कमी नत्रात जास्त वायू. पण ते सगळं रिकाम्या जमिनीत, लावणीआधी.

---

निफाडचा_द्राक्षवाला | 13 फेब्रुवारी, रात्री 8:10

मास्तर, आम्ही द्राक्षवेलीचे डोळे (कोंब) फुटायला पेस्ट लावतो ना, हायड्रोजन सायनामाईड, तिच्याच घराण्यातलं एक खत असतं म्हणे, त्यानं निमॅटोड जातो?

---

राईनकाठ | 13 फेब्रुवारी, रात्री 11:48

हो, कॅल्शियम सायनामाईड. इथे जर्मनीत ते चुना-नत्र खत म्हणून शंभराहून जास्त वर्षं विकलं जातंय. साधारण 20 टक्के नत्र आणि निम्म्याहून जास्त चुना. ओल्या मातीत त्यातून आधी सायनामाईड सुटतं, ते सूत्रकृमी, तण आणि काही बुरशींना मारतं, मग हळूहळू त्याचं युरिया होतं. त्यामुळे टाकल्यावर दोन-तीन आठवडे काही लावता येत नाही. थंडीत आणखी जास्त. माझ्या घरमालकांच्या परसात दर वसंतात टाकतात, कोबीवर्गाच्या मुळांच्या रोगासाठी. पोत्यावर ठळक लिहिलेलं असतं: हाताळण्याआधी आणि नंतर दारू पिऊ नये.

---

निफाडचा_द्राक्षवाला | 14 फेब्रुवारी, सकाळी 7:30

हे तर आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे! छाटणी झाली की पेस्ट लावायच्या दिवसांत गावातली बाटली बंद. एकानं दुपारी पेस्ट लावली आणि संध्याकाळी "थोडीच" घेतली, तर तोंड लालबुंद, छाती धडधड, सगळी रात्र दवाखान्यात. तेव्हापासून लेबरला हजेरी घेतानाच विचारतो.

आपल्याकडं ते खत भाजीवाल्यांना सहज कुठं मिळत नाही, तेवढं मात्र खरं. आणि कुणी आमची पेस्ट जमिनीत ओतायच्या भानगडीत पडू नका, ती त्यासाठी नाही.

---

हिरवा_विचार | 14 फेब्रुवारी, सकाळी 9:12

वाचून वाईट वाटतंय. रासायनिक खतांनीच जमीन मेली म्हणून निमॅटोड माजला, आणि आता त्यालाच मारायला पुन्हा पोत्यानं युरिया? निंबोळी पेंड घाला, कोंबडखत घाला, जीवामृत द्या. निसर्ग स्वतः तोल सांभाळतो.

---

निवृत्त_मास्तर | 14 फेब्रुवारी, सकाळी 11:40

पेंडीला माझा पाठिंबाच आहे. पण ताज्या कोंबडखताच्या ढिगाजवळ डोळे का झोंबतात? अमोनियामुळे. पेंडीत पाच टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, ती कुजताना तोच अमोनिया हळूहळू सुटतो. त्याशिवाय पेंडीतली कडू द्रव्यं असतात आणि ती खाऊन वाढणाऱ्या बुरशी-जिवाणूंची फौज उभी राहते, हा वरचा फायदा. पण पहिल्या काही आठवड्यांत मातीत जे घडतं त्यात तुमचा आणि युरियावाल्यांचा रेणू एकच आहे. भांडण पोत्याच्या रंगावरून चाललंय.

आणि निमॅटोड माजला तो खतामुळे नाही, पाच वर्षं एका छपराखाली आधी मिरची आणि मग काकडी, पाठोपाठ घेतल्यामुळे. त्याला बारा महिने ताट वाढून ठेवलं होतं. दोन हजारांच्या वर वनस्पतींवर जगणारा प्राणी आहे तो, त्याला सेंद्रिय मुळंही तितकीच आवडतात.

---

हिरवा_विचार | 14 फेब्रुवारी, दुपारी 12:20

रेणूचं मान्य. पण 13 किलो युरिया आणि 13 किलो पेंड यांत फरक नाही असं म्हणू नका.

---

निवृत्त_मास्तर | 14 फेब्रुवारी, दुपारी 12:55

नाहीच म्हणत. फरक मोठा आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. नुसत्या युरियात कर्ब (कार्बन) नगण्य. जिवाणूंना नत्र पचवायला कर्ब लागतो, तो नसला की नत्र तसंच पडून राहतं, आधी अमोनिया म्हणून, मग नायट्रेट म्हणून, आणि पुढच्या रोपाची मुळं करपवतं. म्हणून जुन्या लिखाणातही युरियासोबत कर्ब द्या, नत्राच्या वीसपट, असं सांगितलंय. एका गुंठ्यात 6 किलो नत्र घातलं तर 120 किलो कर्ब हवा, म्हणजे सुका उसाचा बगॅस (रस काढून उरलेला चोथा) पावणेतीनशे किलोच्या आसपास. पेंडीत नत्रासोबत कर्बही देवानंच घालून दिलेला असतो.

---

सांगोल्याची_लेक | 14 फेब्रुवारी, दुपारी 3:33

डाळिंबात आम्ही हे सगळं भोगलंय. मास्तर, एक विचारते. आमच्याकडं निमॅटोड लागलेल्या झाडाला पोटॅश वाढवला की झाड सावरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग पोटॅशनं निमॅटोड जातो असं म्हणायचं का?

---

निवृत्त_मास्तर | 14 फेब्रुवारी, सायंकाळी 6:10

ताई, झाड सावरतं हे खरं. गाठींमुळे मूळ अन्न उचलायला कमी पडतं, त्यामुळे जमिनीत पुरेसं असूनही झाड उपाशी दिसतं. तुम्ही हाताशी जास्त ठेवलंत तर अर्धवट मुळंही थोडं जास्त उचलतात. पण झाड धडधाकट झालं की आतल्या मादीलाही पोटभर मिळतं. माती तपासली तर पोटॅश दिलेल्या झाडाखाली निमॅटोड कमी झालेला दिसेलच असं नाही, वाढलेलाही असू शकतो. आपण झाडाला दुखणं सोसायला शिकवतोय, दुखणं जात नाही. काकडीसारख्या चार महिन्यांच्या पिकात तेवढंही पुष्कळ, कारण उभ्या पिकात ध्येयच तेवढं ठेवावं.

---

पायथ्याचा_माळी | 14 फेब्रुवारी, रात्री 9:00

म्हणजे आत्ता उभ्या काकडीला काय करू ते सांगा. तोडा चालू आहे, सोडवत नाही.

---

वांगीभरीत | 14 फेब्रुवारी, रात्री 9:25

माझा अनुभव: पाणी एकदम देण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. खतही तसंच, रोज थोडं, आणि ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) चढू द्यायचा नाही. गादीवाफ्यावर चांगल्या कुजलेल्या खताचा आणि निंबोळी पेंडीचा थर देऊन वर हलकी माती, म्हणजे खोडाजवळून नवी पांढरी मुळी सुटते आणि तीच वेलाला पोसते. आमचा वेल असाच महिनाभर जास्त टिकला.

औषधं आहेत बाजारात, फ्लुओपायरम वगैरे. पण लेबलवर तुमचं पीक आहे का आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं हे वाचल्याशिवाय हात लावू नका. काकडी आपण दिवसाआड तोडतो, ग्राहक ती सालासकट कच्ची खातो. आणि जुन्या लोकांनी फोरेट सुचवलं तर कानावर घेऊ नका, 31 डिसेंबर 2020 पासून ते बंद आहे.

---

गच्चीतली_बाग | 14 फेब्रुवारी, रात्री 10:40

पुण्यात गच्चीवर टोमॅटो आहे, मुळांना अशाच गाठी. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकू का?

---

वांगीभरीत | 14 फेब्रुवारी, रात्री 10:44

ताई, नको. कुंडीची माती काळ्या पिशवीत न भरता पारदर्शक पिशवीत भरा, ओलसर ठेवा, तोंड बांधा आणि एप्रिल-मे गच्चीवर कडक उन्हात पातळ पसरून ठेवा. कुंडी घासून वाळवा. तुमच्याकडं एवढं सोपं आहे, आमच्याकडं चारशे टन माती आहे हो :)

---

विहीरवाली | 15 फेब्रुवारी, सकाळी 8:05

सगळे मुळांचं बोलताय, पाण्याचं कोण बोलणार? एकरी 240 किलो नत्र एका वेळी टाकून वर पाणी सोडायचं. निमॅटोड मेला समजा. महिनाभरानं त्या अमोनियाचं नायट्रेट होणार, आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पहिल्या पावसात खाली जातं. पिण्याच्या पाण्याची नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. आमच्या वस्तीवरची विहीर दोनदा तपासली, दोन्ही वेळा त्याच्या वर. लहान बाळ असलेल्या घरात त्या पाण्यानं दूध कालवू नका असं सांगून गेले. संगमनेरच्या व्याह्यांना विचारा, तुमच्या विहिरीचं पाणी कधी तपासलंय का.

आणि युरियाचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं म्हणून हे सुचतंय. खरी किंमत मोजायला लागली असती तर हा धागाच निघाला नसता.

---

कोरडा_बांध | 15 फेब्रुवारी, सकाळी 8:50

ताई पेटल्या. पण बोलल्या खरं.

---

निवृत्त_मास्तर | 15 फेब्रुवारी, सकाळी 10:15

विहीरवालींशी पूर्ण सहमत. म्हणून उघड्या रानात एकरभर हा प्रयोग करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पॉलिहाऊसला एक सवलत आहे: वर छप्पर, पावसानं धुऊन जायची भीती कमी, आणि पाणी आपल्या हातात. तरीही आधी दोन गादीवाफ्यांवरच करून बघा.

माळीदादा, काकडी संपली की असं करा. वेल कापू नका, मुळासकट उपटा, मुळं बाहेर नेऊन वाळवून जाळा. माती खोल भुसभुशीत करा, ओली करा. एप्रिल-मे हाताशी आहे, 25 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत घट्ट दाबा, पडदे बंद, सहा आठवडे. खालची माती 45 अंशांच्या वर गेली पाहिजे. दोन वाफ्यांवर नुसतं प्लास्टिक. दोनवर पेंड घालून प्लास्टिक. दोनवर युरिया आणि बगॅस घालून प्लास्टिक. प्लास्टिकखाली वायू कोंडला जातो आणि गरम मातीत अमोनियाचं प्रमाणही वाढतं, 25 च्या ऐवजी 40 अंश असेल तर दुपटीहून जास्त. म्हणून युरियाची मात्रा निम्मी धरा, गुंठ्याला सहा-साडेसहा किलोच्या हिशोबानं. काढताना पडदे उघडून तास-दोन तास लांब थांबा, नाहीतर डोळे आणि छाती दोन्ही सांगतील.

त्याआधी आणि नंतर माती तपासून घ्या. राहुरीच्या विद्यापीठात सूत्रकृमीची तपासणी होते. नमुना मुळांजवळचा, ओलसर, पिशवी बंद, उन्हात ठेवायची नाही. वाळलेल्या नमुन्यात पिल्लं मरतात आणि अहवाल येतो "आढळली नाहीत".

आणि घरची स्वस्त तपासणी: प्रत्येक वाफ्यातली माती पेल्यांत भरा, काकडीचं बी टाका, तिसाव्या दिवशी रोप हलकेच धुऊन मुळं बघा. काकडीइतकं खरं बोलणारं यंत्र प्रयोगशाळेतही नाही.

---

पायथ्याचा_माळी | 21 जुलै, रात्री 9:55

मंडळी, धागा वर आणतोय. पाच महिन्यांत काय झालं ते सांगतो.

काकडी मार्चअखेर काढली. माती तपासली, पीएच 6.7. मास्तरांनी न बघता सांगितलं होतं तेच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टिक अंथरलं, सहा वाफ्यांवर सांगितलेली वाटणी, बाकी सगळीकडं नुसतं प्लास्टिक. युरियाच्या वाफ्यांचं प्लास्टिक काढताना घाई केली, आत वाकलो आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. बायको म्हणाली, निमॅटोडच्या आधी तूच जायचास.

पेल्यातल्या काकडीचा निकाल असा. मार्चमध्ये भरलेल्या पेल्यांत प्रत्येक रोपाला गाठी, मोजायची सोयच नव्हती. प्लास्टिकनंतर नुसत्या प्लास्टिकच्या वाफ्यांतल्या दहा पेल्यांपैकी चारांत थोड्या गाठी. पेंड आणि प्लास्टिक, दोनांत. युरिया, बगॅस आणि प्लास्टिक, एकात. पण युरियाच्या मातीतली पाच रोपं दुसऱ्याच आठवड्यात करपली, त्यांची मुळंच नीट झाली नाहीत, मग गाठी कुठून दिसणार? म्हणजे तो एकाचा आकडा मी छाती फुगवून सांगणार नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा पेले भरले तेव्हा रोपं जगली, आणि तेव्हा दहात दोन. पेंडीइतकंच.

तर बाकीच्या पॉलिहाऊसला पेंडच घातली. युरियाची दोन पोती आणून ठेवली होती, त्यातलं एक अजून तसंच आहे. ते कोपऱ्यातल्या बाजरीला जाईल.

सध्या आत झेंडू आहे. सगळं घर नाही, अर्धं. श्रावणात-गणपतीत पैसेही होतील आणि त्याच्या मुळांनी निमॅटोड कमी होतो असं इथेच कुणीतरी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं. उरलेल्या अर्ध्यात काकडी, आज बत्तीस दिवस झाले. काल मधल्या ओळीतले तीन वेल उपटून बघितले, पांढरी स्वच्छ मुळी. वडिलांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण मूळ हातात घेऊन बराच वेळ उभे होते.

एक घोटाळा राहिलाय. दोन्ही कडेच्या ओळी, पडद्यालगतच्या. तिथं प्लास्टिक भिंतीपर्यंत पोचलंच नव्हतं, वीतभर पट्टी उघडी राहिली. तिथले दोन वेल कालच दुपारी माना टाकत होते.

---

निवृत्त_मास्तर | 22 जुलै, सकाळी 6:05

मधल्या ओळींत जायच्या आधी कडेच्या ओळींत जाऊ नका. खुरपं, फावडं, चपला, सगळं आधी मधे वापरा, मग कडेला, आणि बाहेर पडताना धुवा. कडेचे वेल आजच काढा, मुळाभोवतीच्या मातीसकट घमेल्यात. तोड्याचा लोभ धरू नका.

---

पायथ्याचा_माळी | 22 जुलै, दुपारी 1:40

काढले. एकूण अठ्ठावीस. घमेली बांधाच्या पलीकडं नेऊन पालथी घातली, आणि मग लक्षात आलं की उताराला खाली कुणाचं तरी वांग्याचं रान आहे. पुन्हा भरून आणली. आता डांबरी रस्त्याकडेच्या खडकावर वाळत घातलीयेत, पाऊस उघडला तर.